उपद्रव मंडळ आणि आमची आजी

आधी एक खुलासा करते. माझं ज्युनिअर केजीपासून दहावीपर्यंतचं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. शाळेचं नाव सांगत नाही, पण तिथे मराठीत बोललं की एका वाक्याला एक रुपया दंड असायचा आणि तो गोळा करायला वर्गातलीच एक मुलगी नेमलेली असायची. ती 'तुझे फाइव्ह रुपीज झाले हं' असं मराठीत सांगायची आणि तिचाच दंड वाढायचा! तर अशा शाळेतली मी मराठी विभागात लेख देतेय म्हटल्यावर आमच्या ग्रुपमध्ये हशा पिकला. 'तू? मराठीत? ट्वेंटी सिक्सला काय म्हणतात सांग बरं.' सव्वीस म्हणतात. एकोणसत्तरसुद्धा येतं.

आणि हे सगळं मला आलं एका इंग्रजी गेममधून. तोही गोळ्या घालायचा गेम!

त्याचं पूर्ण नाव 'द ऑपरेटिव्ह: नो वन लिव्ह्ज फॉरएव्हर'. नोव्हेंबर २००० मध्ये तो बाजारात आला, म्हणजे माझ्या जन्माच्या आधी. अमेरिकेतल्या मोनोलिथ प्रॉडक्शन्सने बनवला आणि फॉक्स इंटरॅक्टिव्हने विकला. आमच्या कँटीनमध्ये ज्या गेम्सवरून मारामाऱ्या होतात त्यांच्या मानाने त्याचे ग्राफिक्स म्हणजे पुठ्ठ्याची माणसं. हाताची बोटं एकमेकांना चिकटलेली, चेहरे चौकोनी. पण हसून हसून पोट दुखावं असा गेम मी त्यानंतर दुसरा पाहिला नाही, आणि पाहिले बरेच आहेत.

माझ्या मामाचा नाशिकरोडला सायबर कॅफे होता. प्लायवूडच्या आठ केबिन, 'चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी आणि वीस रुपये तास. २००२ साली सुरू झाला, २०१२ साली बंद पडला. लोकांच्या खिशात इंटरनेट आल्यावर कोण कशाला वीस रुपये देतंय! आता त्याच गाळ्यात मामा झेरॉक्स काढतो आणि लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो. आठ कॉम्प्युटरपैकी सात भावात गेले, आठवा आजीच्या घरी आला. जाडजूड मॉनिटर, वर आजीने जुन्या साडीचं शिवलेलं कव्हर, आणि लाइट गेली की केकाटणारा यूपीएस. सोबत सीडीजचा एक डबा. त्यातल्या एकीवर मामाने मार्करने 'नोल्फ' असं लिहिलेलं होतं. (मार्करने नाव लिहिलेली सीडी कुठून येते हे सुज्ञांस सांगणे न लगे.)

२०१५ चा मे महिना. मी चौथीतून पाचवीत जाणार होते आणि सुट्टीला आजीकडे होते. त्याच महिन्यात आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, वाचायचं नाही, टीव्ही बघायचा नाही, वाकायचं नाही, काळा चष्मा काढायचा नाही. आता ज्या बाईला सकाळी पेपर, दुपारी पोथी आणि संध्याकाळी मालिका लागते तिने दिवसभर करायचं काय? कूलर होता तो कॉम्प्युटरच्या खोलीत. म्हणून ती माझ्या मागे आरामखुर्चीत काळा चष्मा लावून बसायची आणि दर दोन मिनिटांनी विचारायची, "अगं, काय चाललंय ते सांग की मला."

सांगायचं म्हणजे मराठीत सांगायचं. इथे माझी पंचाईत झाली.

"आजी, ही ना, एक स्पाय आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे... सीक्रेट काम करणारी."

"गुप्तहेर म्हण. कोणाची गुप्तहेर? नाव काय तिचं?"

तिचं नाव केट आर्चर. मूळची स्कॉटलंडची, आधी चोरीमारी करणारी. एकदा ती ब्रूनो लॉरी नावाच्या गृहस्थांचं घड्याळ लांबवायला गेली. हे गृहस्थ निघाले यूनिटी या आंतरराष्ट्रीय हेरसंस्थेतले. त्यांनी पोलिसांकडे देण्याऐवजी तिला नोकरीच दिली. आजीला हे फार पटलं. "हुशार माणूस. चोराला पहाऱ्यावर ठेवलं की चोरी होत नाही," असं तिचं मत.

काळ १९६० च्या दशकातला. जेम्स बाँडच्या सिनेमांची चाललेली यथेच्छ टिंगल म्हणजे हा गेम. भडक रंगांचे कपडे, गोल गोल डिझाइनचे सोफे आणि खलनायकांची एक संघटना, जिचं नाव आहे एच.ए.आर.एम., म्हणजे हार्म. आता या अक्षरांचा फुल फॉर्म काय हे संपूर्ण गेममध्ये कोणालाच माहीत नाही, आणि हाच एक मोठा विनोद आहे. खुद्द तिथे नोकरीला असलेल्यांनाही माहीत नाही! मी आजीला म्हटलं, हार्म म्हणजे त्रास, इजा. आजी म्हणाली, "उपद्रव. उपद्रव मंडळ!" झालं. त्या दिवसापासून हार्मचं उपद्रव मंडळ झालं आणि त्यांचे बंदूकधारी म्हणजे 'मंडळाची पोरं'. "मंडळाची पोरं किती आहेत गं पुढे?" "तीन आहेत आजी, एक जिन्यावर." असे आमचे संवाद चालायचे. शेजारच्या काकूंना वाटायचं की आम्ही गणपतीच्या वर्गणीबद्दल बोलतोय.

गेमच्या नावाचं भाषांतरही आजीनेच करून घेतलं. कोणीही कायमचं जगत नाही. "हे तर आमचे कीर्तनकार बुवा दर एकादशीला सांगतात," ती म्हणाली, "त्याला एवढ्या बंदुका कशाला?"

त्या एका महिन्यात मी किती शब्द शिकले याची मोजदाद नाही. पहारेकरी, तळघर, भुयार, तिजोरी, जासूद, सापळा. यूनिटीमध्ये कोणीतरी आतली बातमी बाहेर पुरवत असतं, त्याला मी 'डबल एजंट' म्हणत होते. आजीने सांगितलं, "फितूर." मग फितुरीवर अर्धा तास इतिहास झाला आणि केट आर्चर बिचारी बर्लिनमध्ये भिंतीला चिकटून उभी राहिली. (फितूर कोण ते सांगणार नाही. पंचवीस वर्षं झाली असली तरी सस्पेन्स तो सस्पेन्स.)

आता मुख्य गोष्ट सांगते. ती म्हणजे पहारेकऱ्यांच्या गप्पा.

गोळीबाराच्या गेममध्ये शत्रू हा साधारण कचऱ्यासारखा असतो. दिसला की उडवायचा. इथे तुम्ही दबक्या पावलांनी कोपऱ्यापर्यंत जाता, बंदूक सरसावता, आणि पलीकडून दोघं बोलताना ऐकू येतात. गोळीबाराचं, युद्धाचं काही नाही. नोकरीबद्दल, घरच्यांबद्दल, आणि कधी कधी भलत्याच गहन विषयांवर. बिअर पिणं आणि गुन्हेगारी यांचा परस्परसंबंध आहे का, यावर बंदुका खांद्याला लावून अत्यंत गंभीरपणे चाललेली चर्चा मी तिथे ऐकलीय. एम-थ्रीला सरांनी फळ्यावर 'कोरिलेशन' लिहिलं तेव्हा अख्ख्या वर्गात मी एकटी हसले होते, ते यामुळे. सरांना वाटलं, मी त्यांना हसतेय. सर, तसं नव्हतं.

या गप्पा ऐकायच्या तर थांबावं लागतं. पाय वाजवला की त्यांचं लक्ष जातं, गप्पा तुटतात, आणि पुढे तो काय म्हणणार होता ते राहूनच जातं. गोळी घातली तरी तेच. म्हणजे विनोद पूर्ण ऐकायची हाव असेल तर बंदूक खाली धरणं भाग! मला तर वाटतं की गोळीबाराच्या खेळात माणसाला गोळी न घालण्याचं इतकं साधं कारण दुसऱ्या कोणी दिलं नसेल. बरं, सगळं ऐकून झाल्यावर मारायचा धीर होत नाही. आजीचा तर निकाल ठरलेला. "त्याला नको मारूस. शहाणं बोलत होता तो. त्या दुसऱ्याला मार, तो मधेमधे बोलत होता." मग मी झोपेचं अत्तर फवारून दोघांनाही आडवं करायचे आणि आजीला खोटंच सांगायचे की तिच्या सांगण्याप्रमाणे झालं.

हो, झोपेचं अत्तर! केटची हत्यारं सांगायची राहिलीच. लिपस्टिक म्हणजे हातबॉम्ब. केसांच्या पिनेने कुलूप उघडतं. गॉगलमध्ये कॅमेरा (त्यावरून मी आजीच्या काळ्या चष्म्याची रोज झडती घ्यायचे). बेल्टच्या बकलमधून दोरी सुटते आणि वर जाता येतं. पहाऱ्यावरच्या कुत्र्यांचं लक्ष वळवायला एक यांत्रिक पूडल कुत्री आहे, तिला बघून भले भले राखणदार कुत्रे आपलं कर्तव्य विसरतात. आजीने यावर जे भाष्य केलं ते या अंकात छापता येणार नाही.

मामाला मात्र 'ड्यूक नुकेम थ्रीडी' जास्त आवडायचा. १९९६ चा. काळा गॉगल, सोनेरी केस, तोंडात सतत डायलॉग, त्यातले बरेचसे हॉलिवूडच्या सिनेमांतून उचललेले. मी तो खेळलेय. विनोदी आहे, पण सगळे विनोद हिरोने करायचे आणि बाकीच्यांनी मरायचं असा करार आहे. दोन तासांनी तो लग्नातल्या जास्त बोलणाऱ्या काकांसारखा वाटायला लागतो. त्याचा पुढचा भाग १९९७ साली जाहीर झाला आणि २०११ साली आला. चौदा वर्षं! एवढ्यात आपल्याकडे रिव्हॅल्युएशनचे निकालसुद्धा लागतात. त्यापेक्षा मला 'सीरियस सॅम' बरा वाटतो. क्रोएशियातल्या झाग्रेबच्या क्रोटीमने २००१ साली काढलेला. त्यात इजिप्तच्या वाळवंटात मुंडकं नसलेली माणसं दोन्ही हातांत बॉम्ब घेऊन बोंबलत तुमच्या अंगावर धावून येतात. मुंडकं नाही तर बोंबलतात कशी, हा प्रश्न विचारायचा नाही. मजा येते, पण तिथे कोपऱ्यावर थांबून ऐकण्यासारखं कोणी काही बोलत नाही.

नोल्फमध्ये मला सर्वात आवडणारा प्रसंग विमानाचा. केटला विमानातून बाहेर पडावं लागतं आणि पाठीला पॅराशूट नाही. हजारो फुटांवरून ती खाली पडतेय, आजूबाजूला मंडळाची पोरंही पडतायत, पण पॅराशूट लावून. तेव्हा पडता पडता हवेत गोळीबार करायचा, एकाला गाठायचं आणि त्याचं पॅराशूट काढून घ्यायचं. मी पहिल्या दिवशी सात वेळा जमिनीवर आदळले. आजी मागून कॉमेंट्री ऐकत होती. "मिळालं का गं?" "नाही." "आपटलीस?" "आपटले." "परत जा." फ्लुइड मेकॅनिक्स शिकताना समजलं की पोट खाली करून पडणाऱ्या माणसाचा टर्मिनल वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे केटकडे हिशोबाने फार वेळ नव्हता. आम्ही तो पूर्ण महिना लावला.

आणि एक इंगे वॅग्नर. उपद्रव मंडळाची गायिका, जर्मन, चांगली धिप्पाड. ती स्वतःला ऑपेराची महान गायिका समजते आणि तिचं गाणं लागलं की मंडळाची पोरंसुद्धा हवालदिल होतात. आजीने दोन मिनिटं शांतपणे ऐकलं आणि आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळातल्या एका बाईंचं नाव घेतलं. त्यानंतर दर गुरुवारी त्या बाई 'येतेस का भजनाला' म्हणून दारात आल्या की मला आत पळावं लागायचं.

आता थोडं गंभीर. या गेममधला केटचा साहेब, मिस्टर स्मिथ, बायकांनी हे काम करावं या मताचाच नाही. केट कितीही हुशार असो, तिला फुटकळ कामं. मग यूनिटीचे एकामागून एक हेर मारले जातात, माणसं कमी पडतात, आणि नाइलाज म्हणून खरी कामगिरी तिच्याकडे येते. तीही नाक मुरडत. दहाव्या वर्षी मला हे गमतीचं वाटलं होतं. १९६० च्या दशकातली गंमत. तेव्हा असं असायचं म्हणे.

मी मेकॅनिकलला आहे. आमच्या वर्गात मुली किती ते तुम्हाला माहीत आहे. मोजायला दोन्ही हात लागत नाहीत. मागच्या वर्षी मी गाडी बनवणाऱ्या एका टीमसाठी इंटरव्ह्यू दिला. टीमचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. मी फॅब्रिकेशन मागितलं. पहिल्या वर्षी वर्कशॉपच्या लॅपनंतर आमच्या इन्स्ट्रक्टरकाकांनी माझा वेल्डिंगचा जॉब हातोडीने ठोकून बघितला होता आणि सगळ्या बॅचला दाखवला होता, तेव्हापासून मला ते काम करायचं होतं. (केटचा सिगारेट लायटर हासुद्धा वेल्डिंग टॉर्च आहे, बरं का. तो मी दहाव्या वर्षी वापरलाय. म्हणजे अनुभव जुना.) इंटरव्ह्यूत सगळे फार गोड बोलले. "फॅब्रिकेशनला रात्री थांबावं लागतं, तुमचं हॉस्टेल साडेनऊला बंद होतं. तू असं कर ना, डॉक्युमेंटेशन घे. तुझं इंग्लिश पण मस्त आहे, स्पॉन्सर्सना मेल करायला उपयोगी पडेल." कॉन्व्हेंटचा असाही उपयोग! मी चार महिने मेल लिहिले. कॉस्ट रिपोर्ट केला. टी-शर्टचे साइज गोळा केले.

डिसेंबरमध्ये वेल्डिंग करणाऱ्या दोघांपैकी एक इंटर्नशिपला गेला आणि दुसऱ्याचे बॅक राहिलेले दोन पेपर नेमके त्याच आठवड्यात आले. रोल केजचे पाइप कापून, नॉचिंग करून पडलेले. तेव्हा सगळ्यांना आठवलं की अरेच्चा, हिला वेल्डिंग येतं म्हणे! माणसं कमी पडली होती. शब्दशः. मला हसू आलं आणि रागही आला, आणि मी गेले. टिगची टॉर्च, ४१३० चा पाइप. आधी नमुन्याचे जोड करून ते मुद्दाम तोडून बघतात. जोडातून तुटला तर वेल्डिंग कच्चं, जोड शाबूत राहून पाइप फाटला तर पक्कं. माझा पाइप फाटला. जोड जसाच्या तसा. तो फाटलेला तुकडा माझ्या टेबलावर पेनस्टँडशेजारी आहे, कोणाला बघायचा असेल तर खोली नंबर विचारून या. (मुलींनीच.)

टीमच्या यादीत माझ्या नावापुढे अजून 'डॉक्युमेंटेशन' असंच आहे. कॅप्टन म्हणतो, पुढच्या वर्षी बघू. हॉस्टेलच्या वेळेसाठी आम्ही सहा मुलींनी रेक्टर मॅडमना अर्ज दिलाय, वर्कशॉपमध्ये इन्स्ट्रक्टर हजर असतील त्या दिवशी अकरापर्यंत परवानगी मिळावी म्हणून. त्यावर अजून शिक्का नाही. अर्जाचा मसुदा मी केला. मराठीत. मिस्टर स्मिथ मला आता अजिबात गमतीचा वाटत नाही. मात्र गेम बनवणाऱ्यांनी त्याला जितका हास्यास्पद केलाय तेवढा तो अजून वाटतो, आणि त्यानेच बरं वाटतं.

असो. पुन्हा मुद्द्यावर येते, नाहीतर संपादक कात्री लावतील.

२००२ साली याचा दुसरा भाग आला. त्यात जपान आहे, सायबेरिया आहे, अमेरिकेतल्या ओहायोत चक्रीवादळ चालू असताना निन्जा बायकांशी मारामारी आहे, आणि चक्क आपलं कोलकाताही आहे. कोलकात्याच्या गल्ल्यांमध्ये केटच्या मागे कोण लागावं? तोंडाला पांढरा रंग फासलेले मूकाभिनय करणारे फ्रेंच कलाकार! त्यांच्या राजाचा पाठलाग करायला केट एका तीनचाकी सायकलवर बसून गोळ्या झाडते, आणि पॅडल मारत असतो आर्मस्ट्राँग, जो पहिल्या भागात तिचा शत्रू होता. जगातला सर्वात संथ पाठलाग असेल तो. मामाला मी हा भाग दाखवला तेव्हा तो म्हणाला, "नाशिकरोडच्या पुलावर रोज संध्याकाळी याच स्पीडला असतो मी."

माझी रूममेट कॉम्प्युटरची. तिच्याकडून कळलेली एक गोष्ट सांगायलाच हवी. या दुसऱ्या भागातल्या शत्रूंच्या डोक्याचा, म्हणजे एआयचा, प्रोग्रॅम ज्यांनी लिहिला ते जेफ ऑर्किन पुढे मोनोलिथच्याच 'फिअर' या २००५ च्या गेमवर होते. त्यावर त्यांनी २००६ साली एक पेपर वाचला, आणि तो तिला आमच्या सिनियरने वाचायला दिला होता. गंमत म्हणजे फिअरमधला शत्रू इतका हुशार वाटतो, पण त्याच्या स्टेट मशिनमध्ये अवस्था फक्त तीन. कुठेतरी जाणे, काहीतरी हालचाल करणे, आणि एखादी वस्तू वापरणे. बाकी सगळं, आता काय करायचं हे तो जागच्या जागी ठरवतो. हे ऐकल्यावर मी तिला म्हटलं की परीक्षेच्या आदल्या रात्रीचे आम्ही. तीन अवस्था, बाकी जागच्या जागी.

एवढा चांगला गेम आहे तर तो घेऊन खेळू, असं तुमच्यापैकी कोणाला वाटलं असेल. तो मिळत नाही. कुठल्याही ऑनलाइन दुकानात विकायला नाही. कारण ऐकलंत तर आपल्याकडच्या तलाठी ऑफिसची आठवण होईल. गेम काढला फॉक्सने, त्यांचा गेम्सचा धंदा गेला दुसऱ्यांकडे, ते पुढे अ‍ॅक्टिव्हिजनमध्ये मिसळले, मोनोलिथला २००४ साली वॉर्नर ब्रदर्सने घेतलं. म्हणजे सातबाऱ्यावर तीन वारस, आणि जमीन नक्की कोणाची हे कोणीच ठामपणे सांगेना. नाइटडाइव्ह स्टुडिओज नावाच्या कंपनीने २०१४ साली हा गेम नव्याने काढायचा प्रयत्न केला, तिन्ही दारं ठोठावली, बोलणी फिसकटली. फेब्रुवारी २०२५ मध्ये वॉर्नरने मोनोलिथच बंद केली. ज्यांनी बनवला ते घरच राहिलं नाही, आणि ज्यांच्या नावावर असेल-नसेल त्यांना विकायचा नाही. उरल्या जुन्या सीडीज, आणि जगभरातले काही हौशी लोक, जे आजच्या विंडोजवर तो चालावा म्हणून पॅच बनवत बसतात. पदरमोड करून. त्यांना माझा नमस्कार.

आजी २०२२ च्या डिसेंबरमध्ये गेली. तिने नंतर बराच काळ दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ पाहिलं, पण गेम चालू असताना ती कधी स्क्रीनकडे बघायची नाही. "तू सांग," म्हणायची. दहावीपर्यंत दर मे महिन्यात एकदा आमचं हे पारायण व्हायचं. बोर्डाच्या निकालात मराठीत मला पंच्याण्णव पडले तेव्हा आमच्या इंग्लिशच्या सिस्टरांनी विचारलं होतं, कुठे क्लास लावलायस का? आता गुप्तहेर, कूलर, पूडल कुत्री आणि उपद्रव मंडळ हे सगळं एका वाक्यात कसं सांगणार? मी "येस सिस्टर, ॲट माय ग्रँडमदर्स" एवढंच म्हटलं. इंग्रजीत. दंड नको.

या उन्हाळ्यात मी लॅपटॉप घेऊन नाशिकला गेले. मामाने सीडीचा डबा अजून ठेवलाय. 'नोल्फ'ची सीडी माझ्या लॅपटॉपला घेणं शक्य नव्हतं, कारण त्याला सीडी घालायला भोकच नाही. मामाने गाळ्यातून जुना बाहेरचा ड्राइव्ह आणला, सीडी बनियनला पुसली, तीन वेळा फिरली, चौथ्यांदा लागली. मग पॅच, मग काळी स्क्रीन, मग परत पॅच. रात्री साडेअकराला गेम सुरू झाला. मामी दोनदा येऊन लाइट बंद करायची धमकी देऊन गेली.

मामाने खेळायचं आणि मी आरामखुर्चीत बसायचं असं ठरलं. तो आपला ड्यूक नुकेमच्या सवयीने धाडधाड पुढे निघाला. एका दरवाज्यापाशी पलीकडून आवाज आले, दोघांच्या गप्पा. मी ओरडले, "थांब! गोळी नको घालूस, बोलतायत ते." मामा थांबला. पहारेकरी इंग्रजीत बोलत होते, मामाला इंग्रजी उत्तम येतं, आणि तरी माझ्या तोंडून आपोआप मराठी सुरू झालं, "तो म्हणतोय की..." मी गप्प बसले.

मामाने माउसवरचा हात काढला. स्क्रीनकडे बघतच म्हणाला, "सांग ना. काय म्हणतायत मंडळाची पोरं?"